चाळीस गाठींची दोरी

बदनापूर, जि. जालना
१४ जून २००६

भिवातात्यांना रामकिसन गुरुजीचा नमस्कार.

सुगंधाचं पत्र परवा शाळेच्या पत्त्यावर आलं. तुमच्या लेकीचं अक्षर अजून तसंच आहे, 'र'ची शेपटी लांब ओढलेली. चौथीत मी तिला त्यावरून किती वेळा टोकलं असेल. आता हे पत्रही तीच तुम्हाला वाचून दाखवणार, म्हणून आधीच सांगतो: सुगंधा, दार लोटून घरातच वाच. वाडीभर फिरवायचं पत्र नाही हे.

तिनं लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. कुठल्याशा कॉलेजातले लोक वाडीत आलेत. वाडीसमोरच्या खडपाजवळच्या, त्या पाण्यातल्या कातळाजवळच्या, पोवळ्याच्या दगडांची मोजणी त्यांना पुन्हा सुरू करायची आहे आणि ती वाडीतल्याच माणसांनी करायची, आपण करायचो तशी. नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ सोडण्याआधी वाडीची बैठक आहे. त्या दगडांवर नांगर टाकायचा नाही, जाळं ओढायचं नाही, हा जुना नियम परत लावायचा की नाही ते त्या दिवशी ठरणार. मागच्या बैठकीत तुम्ही बोलायला उठलात, तर मागून कुणीतरी अठ्ठ्याण्णव सालची आठवण काढली. सगळे हसले आणि तुम्ही खाली बसलात.

मे १९९८ चा काही कागद गुरुजींकडे आहे का, असं तिनं विचारलंय.

त्याबाबत कळवण्यात येते की, त्या काळातील सर्व तक्ते वेळच्या वेळी वरिष्ठ कार्यालयास सादर झालेले असून माझ्याकडे काहीही शिल्लक नाही. बघा, लिहिता लिहिता हात आपोआप ऑफिसकडे वळला. इतकी वर्षं तेच खरडतोय, दुसरं काय होणार.

बाकी इकडे ठीक. माझी आई तुळजाबाई मी इकडे आल्यापासून माझ्याकडेच असते, केदारखेड्याचं घर बंद केलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण जीभ शाबूत आहे. मी यंदा मुख्याध्यापक झालो. आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी माझं नाव पाठवायचं चाललंय. आमचे केंद्रप्रमुख अण्णासाहेब फार मागे लागलेत.

तुमची प्रकृती जपा. पाण्यात फार वेळ राहू नका.

आपला
रामकिसन शेजूळ


बदनापूर
४ जुलै २००६

भिवातात्या,

तुमचं कार्ड मिळालं. नमस्कार नाही, खुशाली नाही, एकच ओळ: "तात्या विचारतत, दोरी खंय आसा?"

कार्ड शिपायानं वाचलं असणार, कारण देताना तो म्हणाला, "सर, कशाची दोरी हो?" मी म्हणालो, जाळ्याची. खोटं नव्हतं ते.

सुगंधाला सगळं माहीत नसेल, ती तेव्हा लहान होती. तिच्यासाठी जरा मागून सांगतो. तुम्हीही ऐका, कुठं चुकलो तर थांबवा.

मी ब्याण्णव साली तुमच्या वाडीच्या शाळेवर आलो. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, आणि विहिरीत डोकावलं तरी आई ओरडायची. अशा माणसाला सरकारनं समुद्रापासून शंभर पावलांवर नोकरी दिली. पहिले चार महिने मी भरतीचा आवाज ऐकून उठून बसायचो. पंचाण्णव साली ते निवृत्त प्राध्यापक आले. त्यांनी वाडीला सांगितलं की हे दगड जिवंत आहेत, मासळी यांच्यात वाढते, यांची राखण तुम्हीच करा आणि दर महिन्याला यांची तब्येत लिहून ठेवा. लिहायचं म्हटल्यावर सगळ्यांनी मास्तरकडे बोट दाखवलं. बुडी मारायचं म्हटल्यावर तुमच्याकडे.

तुम्हाला अक्षर येत नव्हतं. तुम्ही जाळ्याची काळी दोरी कमरेला बांधून उतरायचा. चाळीस दगड, तेही ठरलेल्या क्रमानं, पहिला हत्ती आणि शेवटची म्हातारी. दर दगडाला दोरीवर एक गाठ. दगड धडधाकट असेल तर गाठ तशीच. पाणी तापून आजारी, पांढरा पडला असेल तर वर येऊन त्या गाठीवर पांढरा सुती दोरा गुंडाळायचा. मग ओट्यावर बसून तुम्ही गाठी चाचपत सांगायचा आणि मी तक्ता भरायचो. तुम्ही म्हणाला होतात, "गुरुजी, तुमका पाण्याचा भय, माका कागदाचा. दोघां मिळान एक पुरो माणूस."

माझ्यासाठी तुम्ही तळाला काच लावलेला लाकडी डबा केला होता. होडीत पालथं पडून, तुमचा हात घट्ट धरून, मी त्यातून एकदाच खाली पाहिलं. फुलकोबीचा मळा होता खाली, पण जांभळा, पिवळा, मधून मासे पाखरांसारखे शिरतायत. मी केदारखेड्याचा शेतकऱ्याचा पोरगा, मला पहिला प्रश्न काय पडला, तर याला खत कोण घालतं. तुम्ही होडी हलेपर्यंत हसला होतात.

आता मे महिन्याचं. एक गोष्ट कबूल करतो. मे ९८ चा तक्ता मी थोडा आधी भरला. एक मेला निकाल लागला की आम्ही मराठवाड्याचे मास्तर दुसऱ्या दिवशीची एसटी धरायचो. मागे काम नको म्हणून तीस एप्रिललाच मे महिन्याचं पान लिहून टाकलं. 'पांढरे पडलेले दगड': निरंक. 'मृत दगड': निरंक. शाळेत आम्ही महिन्याला असे पंचवीस रकाने भरतो. सर्पदंश झालेले विद्यार्थी, निरंक. चोरीस गेलेले साहित्य, निरंक. आधीच्या तीन वर्षांत एखाददुसरा दगड सोडला तर काही झालं नव्हतं. सवयीनं लिहिलं गेलं, त्यात वाईट हेतू नव्हता.

दोरीचं म्हणाल तर ती बदलीच्या सामानात हरवली. ट्रकमधून दोन बोचकी कमी निघाली होती.

वाईट वाटून घेऊ नका. आणि सुगंधा, हेही घरातच ठेव.

रामकिसन


बदनापूर
२२ जुलै २००६

तात्या,

दुसरं कार्ड आलं. पत्ता सुगंधाच्या अक्षरात आहे. पाठीमागे काहीच नाही, कोरं. कोऱ्याला आमच्या भाषेत निरंक म्हणतात, हे तुम्हाला मीच मागच्या पत्रात शिकवलं.

ते कार्ड घेऊन मी वर्गात गेलो, हजेरी घेतली आणि एका पोरीचं नाव दोनदा पुकारलं. घरी आलो तरी ते खिशातच होतं.

दोरी हरवलेली नाही. माझ्या घरात आहे. बोचकी हरवली हे मी मागच्या पत्रात खोटं लिहिलं. ट्रकसुद्धा नव्हता, मी एसटीनं आलो, एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन. इतकं सविस्तर खोटं लिहायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

आता जसं घडलं तसं सांगतो. मी पंधरा जूनला वाडीवर परत आलो, तेव्हा तुम्ही शाळेच्या पायरीवर बसला होतात. दोरी माझ्या हातात दिलीत. मे महिन्यात पाणी कढत झालं होतं, तुम्ही एकटेच उतरला होतात, आणि दोरी इतकी पांढरी होती की मला वाटलं तुम्ही खेळ म्हणून दोरा गुंडाळलाय. तुम्ही म्हणालात, लिहा. मी म्हणालो, लिहितो. निरंकचा तक्ता पुढे गेलेला होता. तो परत मागवायचा तर आधी का भरला ते सांगावं लागलं असतं. मी दोरी टेबलाच्या खणात टाकली.

पुढे पावसाळा. ऑक्टोबरात पाणी निवळलं तेव्हा बहुतेक दगड शेवाळ धरून मेलेले. तक्ते जायचे त्या वरिष्ठ कार्यालयातले साहेब आले. बैठक माझ्याच वर्गात झाली. फळ्यावर त्या दिवशीचा सुविचार होता, तो मी इथं लिहीत नाही. साहेबांनी वही उघडली आणि वाचलं: मे महिन्यात सगळं ठणठणीत. मग चार महिन्यांत मेले कसे? नांगर टाकून मारले असणार. राखणीला कोण होतं? भिवा मेथर. आणि खडपाजवळ होड्या कोणाच्या असतात? भिवा मेथरच्या पुतण्याच्या.

तुम्ही चिडला नाहीत. माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "गुरुजी, सांगा तुमी. दोरी तुमच्याकडे आसा."

दोरी तेव्हा त्याच खणात होती, तुमच्यापासून चार हातांवर. तात्या, माझा जिल्हाबदलीचा अर्ज सहा वर्षांनी टेबलावर आला होता. खोटा तक्ता भरला हे कळलं असतं तर कारणे दाखवा नोटीस आली असती आणि बदली गेली असती. हे मी कारण म्हणून सांगतोय, सबब म्हणून नाही. दोन्हींत फरक आहे असं मी मुलांना शिकवतो, आता मला तो सापडत नाही.

मी म्हणालो, "नोंद आहे तीच खरी."

एवढंच बोललो मी. पुतण्याच्या होड्यांसाठी काकानं दगड मारू दिले, असं वाडी म्हणायला लागली. राखणदारानंच खाल्लं म्हटल्यावर बाकीच्यांनी तरी का पाळायचं? महिन्याभरात तिथं नांगर पडायला लागले. जगलेल्या दगडांवर पडले ते. जे उन्हाळ्यानं मारले नव्हते ते मी मारले.

नोव्हेंबरात ऑर्डर आली. तुम्ही मालवणच्या स्टँडवर आला होतात, हातात आमसुलांची पिशवी होती. मी तुम्हाला लांबूनच पाहिलं आणि गाडीत पलीकडच्या खिडकीला जाऊन बसलो. गाडी सुटेपर्यंत मी बुटाची नाडी बांधत होतो. तुम्ही मला पाहिलंत की नाही हे मला आजही माहीत नाही. पाहिलं असेल तर ते सांगू नका.

दोरी मी समुद्रात टाकून देऊ शकलो असतो. ते का जमलं नाही ते कळत नाही. घरी ट्रंक उघडली तर आईनं ती वर काढली. आमच्याकडे अनंताचा दोरा असतो, चौदा गाठींचा, त्याची पूजा होते. तिनं विचारलं, "येवढ्या गाठी? कशाची रं ही? नवसाची हाय का?"

मी म्हणालो, हो. बदलीसाठी बोललो होतो.

तेव्हापासून ती देव्हाऱ्यात आहे. आई दर शुक्रवारी तिला हळदकुंकू वाहते. म्हणते, या दोरीनं माझा लेक घरी आणला. आठ वर्षं मी तिच्या मागे उभा राहून हात जोडतो.

तुमचं कोरं कार्ड आलं त्या संध्याकाळी आई शेजारी गेली होती. मी दोरी काढून पाहिली. तात्या, त्यात पांढरं काही राहिलेलं नाही. आठ वर्षांची हळद बसून सगळ्या गाठी सारख्याच पिवळ्या झाल्यात. कुठली धडधाकट आणि कुठली पांढरी, मला ओळखता येत नाही. मी दोरी परत ठेवली.

बैठकीला अठरा दिवस आहेत. माझ्या शब्दाची काय किंमत आहे ते तुम्हाला माहीत आहे, आणि पुरावा मी आईकडून पुसून घेतला.

रामकिसन


बदनापूर
१ ऑगस्ट २००६

तात्या,

हे पत्र रजिस्टरनं पाठवतोय, सोबत पाकीट आहे. पाकीट आधी उघडू नका. आधी हे ऐका.

शुक्रवारी आई कुंकवाची डबी घेऊन बसली आणि मी तिला सांगितलं. उभ्यानं सांगत होतो, मग बसलो. पाण्याचं, तुमचं, बैठकीचं, स्टँडवरचं, सगळं. बेबीनंदा, माझी बायको, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

आई म्हणाली, "आठ वरीस मी खोट्याची पूजा करून राह्यले व्हय रं?"

मी दोरी देव्हाऱ्यातून काढून तिच्यापुढे ठेवली.

तिनं दोरी हातात घेतली. बराच वेळ बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "दोरी खोटी न्हाई. तू खोटा हायेस."

तात्या, माझी आई मला पन्नाशीत असं बोलली आणि मला बरं वाटलं.

मग मी तिला माझी अडचण सांगितली, की हळदीनं रंग गेला, आता मोजता येत नाही. ती म्हणाली, "रंगाचं काय करायचं? मला कुठं रंग दिसतो? सूत मऊ लागतं, ही जाळ्याची दोरी टोचती. लिही तू." आणि ती एका टोकापासून सुरू झाली. मऊ. मऊ. हे बी मऊ. हे कडक. मऊ. तुम्ही ओट्यावर बसून सांगायचा तसंच. आई समुद्र कधी पाहणार नाही, पण हत्तीपासून म्हातारीपर्यंत ती बोटानं चालत गेली. एका गाठीवर अडली, दोनदा चाचपली, म्हणाली, "थांब, घाई करू नको," आणि मग सांगितलं. मी तिनं सांगितलं तेवढंच लिहिलं. खात्रीसाठी बेबीनंदानं डोळे मिटून पुन्हा मोजलं. आकडा तोच आला.

बेबीनंदा आधी घाबरली होती. "मंग आता उकरून काय भेटणारे? नोकरीवर आलं मंजी?" मी म्हणालो, येईल कदाचित. मोजून झाल्यावर मात्र तिनंच दोरीला सुती फडकं आणून दिलं. म्हणाली, "जल्दी पाठवा. पुनवेच्या आत गेली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी अण्णासाहेब पुरस्काराचा अर्ज घेऊन आले. 'विशेष समाजोपयोगी कार्य' या रकान्यात त्यांनी पेन्सिलीनं आधीच लिहून आणलं होतं: समुद्रातील पोवळ्यांच्या संरक्षणासाठी तीन वर्षे स्वतः पाण्यात उतरून मोजणी. म्हणाले, "सर, समुद्रात उतरलेला मास्तर आख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा न्हाई. बिलकुल बसतंय तुमचं." ही थाप मीच कधीतरी चहाच्या टपरीवर मारलेली होती. मी खोडरबर घेतलं, त्यांचं पुसलं, आणि पेनानं लिहिलं: निरंक. ते बघतच राहिले. आयुष्यात हा शब्द मी पहिल्यांदा खरा लिहिला.

साहेबांच्या कार्यालयालाही वेगळं पत्र टाकलंय, माझ्या नावानिशी. त्याचं जे व्हायचं ते होईल.

तुम्ही माफ करा असं मी लिहिणार नाही. ते मागायचं तर समोर येऊन मागायला हवं. येतो म्हणून आता कबूल केलं, तर तेही आधीच भरून ठेवलेलं पान होईल. आलो, तरच आलो म्हणा.

सुगंधा, आता तुझ्याशी. पहिल्या दोन्ही पत्रांत मी तुला घरातच ठेव म्हणालो होतो. तुला मी वाचायला शिकवलं आणि वाचलेलं लपवायलाही सांगितलं. ते मागे घेतो. चारही पत्रं बैठकीला घेऊन जा. नारळ उचलायच्या आधी, सगळी वाडी जमली की, उभी राहून मोठ्यानं वाच. दुसऱ्या पत्रातल्या ट्रकसकट वाच, म्हणजे मी कसा खोटं बोलतो ते त्यांना कळेल. एक शब्द गाळू नकोस. जिथं लाज वाटेल तिथं जास्त मोठ्यानं वाच, ती तुझी नाही.

मग पाकीट फोड आणि दोरी तात्यांच्या हातात दे. हळद लागलीय, तिला हसू देऊ नकोस कुणाला. जो म्हणेल की खोटं आहे, त्याला डोळे मिटून गाठी मोजायला सांग.

आणि शेवटी हा तक्ता वाच. आठ वर्षं उशिरा भरलाय.

महिना: मे १९९८.
मोजलेले दगड: चाळीस.
धडधाकट: नऊ.
पांढरे पडलेले: एकतीस.
पाण्यात उतरून पाहणारे: भिवा मेथर.
लिहिणारा: रामकिसन शेजूळ, गैरहजर.